पाण्यानं निघालेला डाग

“ताई, गाडी हालंना व्हय?”

मागच्या सीटवरून हा प्रश्न आला तेव्हा आम्ही कराडच्या कोल्हापूर नाक्यावर भर दुपारी अडकलो होतो. गाडीत मी धरून सातजणी, पायाशी आणि मागे गटाच्या लोणच्याच्या उरलेल्या बरण्या, बाहेर वैशाखातलं ऊन. पुढची वाहनं निघाली. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेले, तर दांडा जागचा हलेना. जोर लावला तर नुसता ‘कर्रर्र’ असा आवाज. मागे ट्रक, ट्रकमागे एसटी, दोघांचे हॉर्न एकदमच सुरू झाले. शेजारून जाणारा एक मोटारसायकलवाला “लेडीज ड्रायव्हर!” असं म्हणून पुढे गेलाच. आपल्याकडे गाडी बंद पडली की आधी चालवणारीकडे बघतात, मग गाडीकडे.

एका रिक्षावाल्याला दया आली. खिडकीशी येऊन तो म्हणाला, “वहिनी, इंजिन बंद करा. आता पहिला टाकून बघा.” इंजिन बंद केलं आणि काय आश्चर्य, तोच गिअर अलगद बसला! “आता पुढं मोकळं झालं की क्लच दाबूनच चावी मारा. धक्का बसंल, घाबरू नका. ब्रेकवर पाय तयार ठेवा.” तसं केलं. गाडीने बेडकासारखी उडी मारली, मागच्या बरण्या खणखणल्या, पण गाडी चालू झाली आणि पहिल्याच गिअरमध्ये मी ती कडेला नेली. (हा उपाय पुढे माणूस नसताना, सपाट रस्त्यावर, गाडी फक्त कडेला घेण्यापुरता. त्यावर प्रवास करायचा नाही, हे आधीच सांगते.)

कडेला थांबल्यावर मी वैतागून क्लचचं पेडल चार-पाच वेळा भराभर दाबलं. पेडलमध्ये थोडा जीव आल्यासारखं वाटलं. गिअर टाकून पाहिला, तर पडला. मग काय, दर गिअरला पाच-पाच वेळा पंप मारत आम्ही पाटणला पोचलो. माझी डावी पोटरी दोन दिवस दुखत होती.

ही गाडी म्हणजे २०१२ सालची, सात-आठ माणसं बसतील अशी जुनी डिझेल गाडी. सासऱ्यांनी घेतलेली. ते गेल्यावर ती अंगणात उभीच असायची. मी अडतिसाव्या वर्षी लायसन्स काढलं ते या गाडीसाठी. आता ती आठवड्यातून एकदा गटाचा माल कराडला नेते. डिझेल गट भरतो. एरवी वाडीवरची कोणी तारखेला कोर्टात जायची असते, कोणाच्या सुनेला सोनोग्राफीला न्यायचं असतं, कोणाच्या पोराला फणफणून ताप आलेला असतो. एसटी दिवसातून दोनदा येते त्या वाड्यांना ही गाडी केवढी गरजेची आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ती हळूहळू एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या फिटरने दार उघडलं, एकदा क्लच दाबला आणि विचारलं, “कोण चालवतं?”

“मी.”

“मग प्लेट गेली. बायकांचा पाय क्लचवरच असतो.”

झालं निदान! प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअरबॉक्स खाली उतरवायची मजुरी, सगळं मिळून चौदा हजार. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.

घरी आल्यावर आमचे हे शांतपणे म्हणाले, “विकून टाकू. चौदा हजार घालून परत दोन वर्षांनी तेच. एक दलाल विचारत होता.” त्यांचंही चूक नव्हतं, पैसा काही झाडाला लागत नाही. सासूबाईंनी मात्र नको तिथे बोट ठेवलं. “तुमचे बाबा इतकी वर्षं चालवायचे, कधी क्लच गेला नाही.” त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी जाण्याचं दुःख होतंच, पण ती माझ्या पायामुळे गेली असं आता कायम बोललं जाणार, ते जास्त लागत होतं. आणि खरंच माझी चूक असेल तर? मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. क्लच म्हणजे डावीकडचं पेडल, यापलीकडे मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सासऱ्यांची जीप पूर्वी ज्यांच्याकडे असायची, त्या म्हाताऱ्या मिस्त्रींची आठवण झाली. आता त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक पोऱ्या. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामांनी गाडीला हातही न लावता आधी मला स्टुलावर बसवलं आणि जुन्या वैद्यासारखे प्रश्न विचारायला लागले.

“ताई, चढाला गाडी ओढती का? का इंजिन नुसतं बोंबलतंय आन गाडी जागंवरच?”

“ओढते की. सातजणींना घेऊन ओढते.”

“जळका वास?”

“नाही.”

“इंजिन बंद असताना गिअर पडतो?”

“अगदी सहज.”

“आन पाचदा पंप मारल्यावर चालू गाडीत पडतो.” मामा हसले. “मग प्लेटीचं नाव आधी कशाला घ्यायचं?”

मैत्रिणींनो, तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते इथे सविस्तर सांगते, कारण चौदा हजार आणि दोन हजार यांतला फरक त्यात आहे.

इंजिन सतत फिरत असतं. त्याची ताकद चाकांकडे जाते ती गिअरबॉक्समधून. या दोघांच्या मधे क्लचची प्लेट असते, आणि जबरदस्त स्प्रिंगची एक प्रेशर प्लेट तिला इंजिनाच्या चाकावर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा ही पकड सुटते, गिअरबॉक्स क्षणभर मोकळा होतो आणि गिअर बदलता येतो. म्हणजे क्लचची दुखणी मुळात दोन. एक, क्लच धरत नाही: इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, चढाला दमते, जळका वास येतो. तिथे प्लेट झिजलेली असण्याचा संशय आधी घ्यायचा. दुसरं, क्लच सुटत नाही: पेडल पूर्ण दाबलं तरी पकड थोडी शिल्लकच राहते, म्हणून चालू इंजिनवर पहिला आणि रिव्हर्स पडत नाही, पडला तर करकरतो, पेडल दाबलेलं असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. इंजिन बंद केलं की फिरणारं काही उरतच नाही, म्हणून गिअर सुखाने बसतो. आमच्या गाडीचं दुखणं हे दुसरं होतं. त्या फिटरने त्याला औषध दिलं पहिल्याचं.

प्लेट किंवा बेअरिंग बिघडल्यानेही क्लच सुटेनासा होऊ शकतो, हे मामांनी लपवलं नाही. “पण गिअरबॉक्स उतरवायला अख्खा दिवस जातो. बाहेरचं बघायला दहा मिनिटं. आधी दहा मिनिटांचं बघायचं.”

आता बाहेरचं म्हणजे काय? मारुती ८०० सारख्या छोट्या गाड्यांत पेडलापासून क्लचपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी तार असायची. आमच्या गाडीत तार नाही, तेल आहे. पेडल एक दट्ट्या ढकलतं, तो वरच्या सिलिंडरमधलं तेल दाबतो. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तेल बारीक पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलिंडरमध्ये जातं, आणि तिथला दट्ट्या बाहेर येऊन क्लचचा काटा ढकलतो. त्याला स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. हे नाव मला मुळीच आवडलं नाही, पण बाजारात पार्ट त्याच नावाने मिळतो.

मामा हे सांगत होते आणि मला एकदम आमच्या धाकट्याचं विज्ञान प्रदर्शनातलं जेसीबी आठवलं! तुमच्याही घरी एखादं झालं असेल. पुठ्ठ्याचा जेसीबी, सुया काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाइनची नळी आणि रंगीत पाणी. इकडची सिरिंज दाबली की तिकडची बाहेर येते आणि जेसीबीचा हात उचलला जातो. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात मांडला. आमच्या चिरंजिवांनी तो पाठ करून परीक्षकांसमोर म्हटला होता, आणि ऐन वेळी जेसीबीने हात उचलला नव्हता. का? तर नळीत हवेचा बुडबुडा शिरला होता. पाणी दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो, पलीकडे काही पोचत नाही.

क्लचचंही तेच. तेल कमी झालं, आत हवा शिरली, किंवा दट्ट्यावरचं रबर झिजून तेल मागे निसटायला लागलं, की पेडल मऊ लागतं, खालपर्यंत जातं आणि खालचा दट्ट्या हवा तेवढा सरकतच नाही. भराभर पंप मारले की थोडा दाब साठतो आणि काम होतं. वायसर गेलेल्या हापशासारखं हो! वाडीवरच्या हापशाला पाणी यायच्या आधी वीस वेळा दांडा मारावा लागतो, तेव्हा आपण ‘पाणी आटलं’ म्हणत नाही, ‘वायसर गेलं’ म्हणतो. हे मला इतक्या वर्षांच्या कामातून ठाऊक होतं. गाडीला लावून बघायचं सुचलं नव्हतं, इतकंच.

मामांनी बॉनेट उघडून तेलाची छोटी डबी दाखवली. पातळी खालच्या खुणेच्या बरीच खाली होती. यात जे घालतात त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, कारण ब्रेकलाही तेच लागतं. काही गाड्यांत तर ब्रेक आणि क्लच दोघांची डबी एकच असते, तिथे पातळी उतरली तर दुर्लक्ष करून मुळीच चालायचं नाही. मामा गाडीखाली गेले, खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण उचलून पाहिलं. कोरडं. बॉनेटमध्ये वरच्या सिलिंडरभोवती बोट फिरवलं. तेही कोरडं. मग त्यांनी तेल भरलं, पाइपातली हवा काढली आणि गाडी परत झकास चालायला लागली. पैसे विचारले तर म्हणाले, “आत्ता नको. तेल कुठं गेलं ते सापडलं नाही. तेल काय हवेत उडून जात नाही ताई. डबीवर आठ दिवस डोळा ठेवा.”

घरी मी अगदी विजयी मुद्रेने सांगितलं की दीडशे रुपयांच्या तेलात काम झालं. चार दिवस माझा थाट होता. पाचव्या दिवशी सकाळी पेडल पुन्हा मऊ लागलं. डबीतली पातळी बोटभर उतरलेली. ह्यांनी काही न बोलता चहा घेतला. ते बोलले असते तर बरं झालं असतं! दलाल रविवारी गाडी बघायला येणार होता.

आता खरी गंमत पुढे आहे. गाडी विकायची तर निदान स्वच्छ तरी करावी म्हणून मी शनिवारी मॅटा काढून धुवायला घेतल्या. ड्रायव्हरकडच्या मॅटवर क्लचच्या पेडलाखाली तळहाताएवढा चिकट डाग होता. तो काही नवीन नव्हता. दोन महिने मी तो बघत होते आणि लोणच्याच्या तेलाचा म्हणून सोडून देत होते. बरण्या चढवता-उतरवताना चपलेला तेल लागतंच. मागच्या मॅटांवरही तसे डाग होते. मागच्या मॅटा निरमा लावून, ब्रशने घासून मी बेजार झाले, तरी पिवळा ओशटपणा जाईना. आणि ही पुढची मॅट? बादलीतलं नुसतं पाणी ओतलं, तर डाग साबणाशिवाय निघून गेला!

मी हातातला ब्रश खाली ठेवला. वीस वर्षं डबे धुणाऱ्या बाईला एवढं नक्की कळतं, की तेल नुसत्या पाण्याने निघत नाही.

उठून गाडीत डोकं घातलं. क्लचच्या पेडलाचा दांडा वर जिथे पत्र्यातून आत जातो तिथे बोट लावलं. ओलं. दांड्यावरून खाली एक बारीक ओघळ आलेला, आणि त्या वाटेवरचा काळा रंग पापुद्रे सुटल्यासारखा निघालेला. मामांना फोन केला. ते म्हणाले, “बोटाला लागलंय ते वाटीभर पाण्यात बुडवा.” बुडवलं. वर तवंग आला नाही, पाण्यात विरघळून गेलं. “सापडलं ताई! वरच्या सिलिंडरचं मागचं रबर गेलंय. तेल बाहेर नाही, गाडीच्या आत गळतंय. मी आतलं पायदान बघितलंच न्हाई. म्हातारा झालो आता.”

नाव ब्रेक ऑइल असलं तरी ते आपल्या अर्थाने तेल नसतं. नेहमी वापरात असलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं ऑइल पाण्यात मिसळतं, गाडीचा रंग उडवतं, आणि उघडं राहिलं तर हवेतली ओल शोषून घेतं. म्हणून ते सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, अर्धी उरलेली जुनी बाटली वापरायची नाही. कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आणि घरात इंजिन ऑइल शिल्लक आहे म्हणून तेच घातलं, असं चुकूनही करू नका. त्याने आतली रबरं फुगून खराब होतात, आणि मग एकाच्या जागी सगळीच बदलावी लागतात.

रविवारी दलालाला ह्यांनी “पुढच्या आठवड्यात या” सांगितलं. माझ्यावर एवढा एक उपकार! सोमवारी सकाळी मी मामांच्या शेडमध्ये हजर.

वरचा सिलिंडर सोडवून मामांनी तो उघडला. आतलं रबर कडेला झिजलं होतं. ते मला बोटात देत मामा म्हणाले, “कुकरची रिंग कशी ढिली होते, तसं.” नुसतं रबराचं किट दोनशेच्या आत येतं, म्हणून मी खूश झाले. पण त्यांनी सिलिंडर उजेडात धरून आतून करंगळीचं नख फिरवलं, आणि मग माझ्या हातात देऊन मलाही फिरवायला सांगितलं. नख दोन ठिकाणी अडकत होतं. आत बारीक गंजाचे खड्डे पडले होते. गाडी घेतल्यापासून ते तेल कोणीच बदललेलं नव्हतं. त्याने ओल धरली आणि ओलीने गंज. अशा खडबडीत नळीत नवं रबर घातलं तर महिन्याभरात परत फाटतं. साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावं, असं मामांनी सांगितलं. सासऱ्यांनी ते कधी बदललं नव्हतं, ही गोष्ट मी सासूबाईंना अजून सांगितलेली नाही.

म्हणजे सिलिंडर अख्खा नवा. पोऱ्या दुपारच्या एसटीने कराडला जाऊन तो घेऊन आला. खालच्या सिलिंडरचं किटही मामांनी लगेच बदलायला लावलं. “वरचा नवा झाला की दाब पुरा येतो, मग खालचं जुनं रबर टिकत न्हाई.” हे खरं की दुकानदारी, असा विचार क्षणभर मनात आला. पण किट एकशे वीस रुपयांचं, आणि जुनं रबर मी दाबून पाहिलं तर तेही कडक झालेलं.

मग हवा काढायचं काम. हे दोघांचं काम असतं, एक पेडलवर आणि एक खाली. पोऱ्या जेवायला गेला होता, म्हणून पेडलवर मी बसले. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. खालच्या सिलिंडरला एक छोटं निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक तळाशी थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं. मामा खालून ओरडायचे, “दाबा! धरा!” मी पेडल तळाला दाबून धरायची. ते निपल ढिलं करायचे, नळीतून बुडबुडे आणि तेल यायचं, ते निपल परत आवळायचे आणि मग म्हणायचे, “सोडा!” आवळायच्या आधी पाय सोडला तर बाहेरची हवा उलटी आत जाते, हे मी दुसऱ्याच खेपेला करून दाखवलं आणि बोलणी खाल्ली. सुरुवातीला पेडल आपणहून वर येतच नव्हतं, चपलेचा अंगठा खाली घालून उचलावं लागत होतं. मधूनमधून उतरून डबीत तेल घालायचं, कारण डबी एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. नळीतून बाहेर पडलेलं तेल स्वच्छ दिसलं तरी परत डबीत ओतायचं नाही. वीसेक खेपांनंतर बुडबुडे थांबले. आणि मग पायाला कळलं! पेडल एकदम भरीव लागलं. इतके महिने मी सैल पेडलाची सवय करून घेतली होती, आणि ते किती सैल झालं होतं हे मला आत्ता समजत होतं.

मामांनी मला खाली वाकून बघायला लावलं आणि पोऱ्याला पेडल दाबायला सांगितलं. आधी खालचा दट्ट्या जेमतेम अर्ध्या नखाएवढा सरकत होता, आता जवळजवळ बोटाच्या पेराएवढा. शेवटी त्यांनी पेडलाच्या दट्ट्याला किंचित ढील ठेवली. हे मला उलटंच वाटलं. इतका खटाटोप करून परत ढील कशाला? तर ती नसेल तर पाय काढल्यावर तेलाला डबीत परत जायची वाट मोकळी राहत नाही, दाब आतच अडकतो, क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि मग खरोखरच प्लेट जळते. म्हणजे नीट काम केलं नाही तर दुसऱ्या दुखण्याचं पहिलं व्हायचं!

बिल असं झालं: सिलिंडर १,३५०, किट १२०, तेलाची बाटली १८०, मजुरी ४००. एकूण २,०५० रुपये. चार दिवसांपूर्वीचं तेल आणि मेहनत मामांनी धरलीच नाही. मी जास्तीचे शंभर देऊ केले, ते त्यांनी पोऱ्याला दिले.

निघताना मी धीर करून विचारलं, “मामा, बायकांचा पाय क्लचवरच असतो म्हणतात, ते?”

मामा थोडे घुटमळले. “या दुखण्याचा आन तुमच्या पायाचा काय संबंध न्हाई. पण ताई, परवा तुम्ही गाडी घेऊन आला तेव्हा फाटकातल्या चढाला हाफ क्लचवर धरून ठेवली होती. तिथं हँडब्रेक ओढायचा. आन रस्त्यानं जाताना पाय बाजूला खाली ठेवायचा, पेडलवर टेकवून न्हाई.” मग हसून म्हणाले, “आन हे तुमच्या सासऱ्यांनाबी सांगायचो मी. शंभरदा.”

ते मी घरी सांगितलं का? हो, हे मात्र जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बहिणीकडे कोयनानगरला जायचं निघालं तेव्हा पदर खोचून सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसल्या.

पुढच्या गट-बैठकीत मी धाकट्याचं जेसीबी घेऊन गेले. एका नळीत पाणी, एका नळीत मुद्दाम सोडलेली हवा. आमच्यातल्या दोघी आता गाडी शिकताहेत आणि एकीच्या घरी ट्रॅक्टर आहे. तिने नळी दोन-तीनदा दाबून पाहिली आणि म्हणाली, “आमच्या मालकास्नी दावते. त्यो बी मऊ लागतुया म्हनत्यात.” ट्रॅक्टरचा क्लच कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला सरळ मामांचा पत्ता दिला.

दलालाचा फोन आणखी एकदा आला. ह्यांनीच उचलला. “नाही, द्यायची नाही,” म्हणाले आणि ठेवला. कारण काय सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शनिवारी मॅटा मीच धुते. फक्त आता पाणी ओतायच्या आधी पुढची मॅट उचलून पेडलाच्या दांड्यावर वरपर्यंत बोट फिरवते, आणि डबीवरची खूण बघते.